इंजिन चांगलं होतं

दादांच्या गाडीचं इंजिन चांगलं होतं. सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते सांगायला मला सहा वर्षं लागली. आता सांगून झालंय, ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलंय. तरी लिहून ठेवतोय, कारण सांगताना एक गोष्ट मी गाळली होती. ती इथं येईल.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं भुसार मालाचं आडत दुकान आणि मी तिथल्याच एका शाळेत मास्तर. वडील लवकर गेले. मला दादांनीच शिकवलं, लग्नही त्यांनीच करून दिलं. त्यामुळं त्यांच्यासमोर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. तसा मी कुणासमोरच फार बोलत नाही. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता. शिक्षकांच्या खोलीत रोज दोन तट पडायचे आणि मी चहाची बशी हातात धरून दोन्हीकडं मान हलवायचो. मत नव्हतं असं नाही. होतं, पण ते बशीतच राहिलं. माझी जात कोणती, म्हणजे बोलणाऱ्यांची की गप्प बसणाऱ्यांची, हे आधीच कळलेलं बरं.

गाडी पांढरी, गोल नाकाची, परभणीच्या एका वकिलाकडून जुनीच घेतलेली. ज्वारी, तूर बघायला दादा पाथरी, मानवत, जिंतूर असे सारखे फिरायचे. गाडीचं मीटर दोनदा नव्याण्णव हजार ओलांडून शून्यावर आलं होतं. दादा कौतुकानं म्हणायचे, “दोनदा जल्मली माजी गाडी.” रोज सकाळी आंघोळ झाली की आधी देवाला नमस्कार, मग बोनेट उघडून ऑइल बघणं. पट्टी उपसायची, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालून काढायची आणि उजेडाकडं धरून खुणेपर्यंत ऑइल आहे का ते बघायचं. चहा त्यानंतर.

एका हिवाळ्यात आम्ही मानवतच्या एका लग्नाहून परत येत होतो. मागं वहिनी, माझी बायको आणि आमची मुलगी, पुढं दादांच्या शेजारी मी. दिवस मावळतीला आला होता, पण चांगला उजेड होता. कापसाच्या खरेदी केंद्राकडं निघालेल्या बैलगाड्यांची रांग रस्त्याच्या कडेनं लागली होती. त्यातली शेवटची गाडी जरा रस्त्यात आलेली. मला ती फर्लांगभर आधीपासून दिसत होती. दादांना दिसत असेलच, असं समजून मी गप्प बसलो. अगदी जवळ आल्यावर ओरडलो, “दादा, गाडी!”

ब्रेक लागला तोपर्यंत आमचं बोनेट कापसात शिरलं होतं. कुणाला काही झालं नाही. मुलगी सीटवरून खाली पडली आणि रडायला लागली, तेवढंच. दादा खाली उतरले ते तापूनच.

“कंदील न्हाई का लावता येत?”

गाडीवान शांतपणे खाली उतरला, कापूस झटकला, पश्चिमेकडं बघितलं. “शेट, सूर्य हाय की अजून. आन कंदील कशाला?”

रांगेतले चार-पाच जण हसले. दादा गाडीत येऊन बसले. पुढचे सगळे मैल त्यांनी बैलगाडीच्याच चालीनं गाडी चालवली.

घरी आल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. “भावजी, तुमीच काय ते करा. ह्यांना ताटातली मिरची दिसंना, शेंग म्हणून खायलेत. बैलगाडी काय दिसायची?”

“डॉक्टरला दाखवू की.”

“तुमी म्हणून बघा. मी म्हणले तर ताटावरून उठले.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे दादा सोडून सगळ्यांना माहीत होतं. आमच्या चुलत्यांचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, ते दादांनी बघितलं होतं. तेव्हापासून घरात तो विषय काढायचा नाही. मी काढला नाही.

त्याच दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. चढावर गाडी धापा टाकायची. घरात विषय निघाला, दुरुस्त करायची की काढून टाकायची. वहिनी म्हणाल्या, काढा, म्हातारी झाली. दादा म्हणाले, “म्हातारी झाली म्हणून कुणी काढून टाकतं का? तसं असतं तर तुला कवाच—” आणि पुढचं खोकल्यात घालवलं. शेवटी ठरलं की परभणीचा मिस्तरी म्हणेल ते खरं. गेली पंधरा वर्षं गाडीला त्याचाच हात होता. तो येऊन गाडी घेऊन गेला. हंगाम होता, दादांना दुकान सोडता येईना. मला म्हणाले, “मास्तर, रविवारी जाऊन ये. काय म्हणतो ते ऐकून ये. मिस्तरी गाडीबद्दल खोटं बोलत न्हाई.”

रविवारी मी रेल्वेनं परभणीला गेलो. मिस्तरीनं इंजिन खोलून फळीवर मांडून ठेवलं होतं. एकेक भाग पुसून त्यानं मला दाखवला.

“कुच नै हुआ सर. पिस्टनके रिंगा गयेत, बस. रिंगा डालता, थोडा व्हॉल्वका काम करता. और दस साल चलती.”

मी म्हणालो, “आणि काहीच नाही?”

“इंजन एकदम अच्छा है. शेटजी ऑइल देखते ना रोज. देखनेवाला आदमी है, इसलिये टिका.”

मी तिथल्या पत्र्याच्या खुर्चीत बसलो. मुलगी सीटवरून पडल्याचा आवाज कानात होता. मग त्याला सगळं सांगितलं. डोळे, बैलगाडी, वहिनी. आणि म्हणालो, इंजिन गेलं असं सांग.

तो हात पुसायचा थांबला. “सर, गाडीके बारेमें मैं झूट बोलता नै. आदमीके बारेमें बोल लेता.”

“मग आदमीके बारेमें समज.”

तो हसला नाही. फळीवरचा एक भाग पुन्हा पुसत म्हणाला, “तुम बोलो. मैं चुप रहता. शेटजीने पूछे तो मैं मुंडी हिलाता. जबानसे नै बोलता.”

सेलूला परत येईपर्यंत मी वाक्य तयार केलं होतं. इंजिन गेलं, दुसरं बसवायचं तर गाडीच्या किमतीत जातंय, काढून टाकलेली बरी. दादा दुकानात गादीवर बसले होते. मी वाक्य म्हणून टाकलं. त्यांनी एकच विचारलं, आणि त्याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं.

“कशामुळं गेलं?”

जे पहिलं सुचलं ते मी बोललो. “ऑइल कमी होतं म्हणे. बरेच दिवस कोरडंच चाललं.”

दादा माझ्याकडं बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. “पट्टी मी रोज बघतो,” म्हणाले. आणि मग हलक्या आवाजात, “खूण दिसली नसंल.”

सांगताना गाळलेली गोष्ट ती हीच. जन्मात पहिल्यांदा दादा माझ्यापुढं गप्प झाले होते, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. फार वेळ नाही. पायरी उतरेपर्यंत. पण वाटलं. त्यांना ते मी अजून सांगितलेलं नाही. वाचलं तर कळेल.

दादा गाडी बघायलाही परभणीला गेले नाहीत. “मला बघवणार न्हाई,” म्हणाले. मिस्तरीनं येलदरीकडच्या एका मासळीवाल्याला ती विकली. इंजिन तेच होतं, फक्त रिंगा नवीन. दादांनी नवी गाडी घ्यावी असं त्यांच्या व्यापारी मित्रांनी सुचवून बघितलं. घेतली असती तर माझं सगळं मुसळ केरात. पण दादा म्हणाले, “जुनी सांभाळता आली न्हाई त्याला नवी कशाला?” आणि एसटीनं फिरायला लागले.

म्हणजे त्यांना गाडीतून उतरवलं ते माझ्या खोट्यानं नाही, त्यांच्या माथी बसलेल्या दोषानं. तो दोष मी काढून घेतला असता तर ते पुन्हा गाडीत बसले असते. पहिली दोन वर्षं माझ्याकडं गप्प राहायला हे कारण होतं आणि मी ते जपून वापरलं. मग एकदा दादा दुकानाची पायरी चुकून पडले, तेव्हा आपणहून म्हणाले, चला, कापा डोळा. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. जाड भिंगाचा चष्मा आला आणि मोंढ्याच्या पलीकडच्या दुकानाची पाटी ते लहान मुलासारखी मोठ्यानं वाचायला लागले. आता सांगायला काही हरकत नव्हती. मी आणखी चार वर्षं सांगितलं नाही.

सांगायची वेळ आली ती माझ्याच गाडीमुळं. मी एक लहानशी जुनी गाडी घेतली आणि पहिल्यांदा दादांना दाखवायला घेऊन गेलो. वहिनींनी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. मी म्हणालो, “दादा, बोनेट उघडून बघा की जरा. तुमच्याइतकं कळणारं कोण हाय?”

दादांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. एखाद्या मुलाला शिवू नको म्हटल्यावर घ्यावेत तसे. “नको बाबा. तुजी तू बघ. मी एक मारली तेवढी बास.”

मी म्हणालो, “तुमी न्हाई मारली, दादा.”

“हं?”

“ऑइल होतं. इंजिन चांगलं होतं. मी खोटं बोललो.”

दादा ओट्यावर बसले. “पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं, बैलगाडीपासून. “मिस्तरी काय म्हणला ते सांग. त्याच्या भाषेत सांग.” मी तेही सांगितलं. देखनेवाला आदमी है, इसलिये टिका. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मी थोबाडीत बसायची वाट बघत उभा होतो. पन्नाशीला आलेला माणूस, पण गाल आपोआप आवळले होते.

दादांनी घराकडं तोंड करून हाक मारली, “अगं, ऐकलं का! ते ऑइल कमी न्हवतंच!”

आतून वहिनी म्हणाल्या, “कोनतं तेल? परवाच तर डबा आनलाय.”

“तेल न्हवं गं! मोटारीचं ऑइल!”

“मोटार हाय कुठं आता?”

“तुला काही सांगण्यात अर्थ न्हाई!” दादा ओरडले. पण आवाज रागाचा नव्हता. राग आला तो नंतर, आणि चांगला आला.

“तोंडावर का न्हाई बोललास? डोळे दाखवा म्हणून?”

“तुमी ऐकलं असतं?”

“न्हाई. शिव्या घातल्या असत्या. तीन-चार दिवस घातल्या असत्या.” जरा थांबून म्हणाले, “मग ऐकलं असतं. तुला चार दिवस शिव्या खायला काय झालं होतं? मी सहा वर्षं खाल्ल्या, सोताच्याच.”



मग ते म्हणाले, “तुला ठावं हाय का, मोंढ्यात कुणी गाडी घेतली की मी त्याला जाऊन सांगायचो. ऑइल बघत जा, माज्यासारखं करू नको. किती जणांना सांगितलंय! मानवतला, पाथरीला.” आणि एकदम उठले. “काढ गाडी.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? सगळ्यांना सांगून येऊ. तूच सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा आपली बाजू सारवतोय.”

रविवार होता. आम्ही आधी मोंढ्यात दोन दुकानं केली, मग पाथरी, मग मानवत. गाडी मी चालवत होतो. दादा शेजारी बसून समोर आलेली प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत होते. म्हैस. सायकल. पुन्हा म्हैस. दुकानात शिरलं की म्हणायचे, “हा माजा भाऊ. मास्तर हाय, पण लय खोटारडा. सांग रे.” मग मी सांगायचो. पहिल्या दुकानात माझा आवाज फुटेना. दुसरीकडं मध्येच अडखळलो. पाथरीला सगळं नीट, एका दमात सांगितलं. दुकानदार हसून लोळायचा बाकी राहिला आणि मलाही हसू आलं. किती वर्षांनी कुणासमोर असं मोकळं हसलो असेन, आठवत नाही.

मानवतचा खतवाला मात्र गंभीर झाला. “शेटजी, तुमच्यामुळं मी रोज सकाळी उठून ऑइल बघायलोय. मग आता ते बंद करू का?”

“बंद कशाला?” दादा म्हणाले. “बघत जा. गाडी टिकती. माजी न्हाई का टिकली, अजून चालू आसंल येलदरीकडं.” मग माझ्याकडं हात करून त्याला म्हणाले, “ह्याला बी चहा सांगा. सकाळपासून बोलायलाय बिचारा.”