आकडा आधी उतरतो

गोदीत माझ्या आत्याला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला 'एक मिनिट' म्हणतात. जहाजांवरच्या मोटारी आणि जनरेटर तपासणं हे तिचं काम. त्यांच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि वीज तारेतच राहावी म्हणून तिच्यावर वार्निशचा थर चढवलेला असतो. तो थर शाबूत आहे की नाही, हे मेगर नावाचं यंत्र आकड्यात सांगतं. आकडा मोठा, तर थर चांगला; थर ओला किंवा खराब, तर आकडा लहान. पण बटण दाबल्याबरोबर दिसतो तो आकडा खरा नसतो. पूर्ण एक मिनिट धरून ठेवायचं आणि मगच वाचायचं. मध्येच कोणी "किती आला?" म्हणून डोकावलं की आत्या मान वर न करता म्हणते, "एक मिनिट." चोवीस वर्षं हेच ऐकून ऐकून लोकांनी तिचं तेच नाव पाडलं.

या चोवीस वर्षांत आकडे तिने घेतले आणि खाली सही दुसऱ्याची झाली. ती लागली तेव्हा वायंडर होती, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारी. सहीसाठी परीक्षा लागायची आणि ती द्यायची राहून गेली होती. पन्नाशी ओलांडल्यावर तिने मनावर घेतलं. आत्याचे यजमान शिंपी आहेत. ते मशीनवर शिवत शिवत तिला पुस्तकातले प्रश्न विचारायचे.

"बरोबर आलं का?" आत्या विचारायची.

"ते मला काय कळतंय? पण तू अडखळली नाहीस, म्हणजे बरोबरच असणार."

ती पास झाली. वर्कशॉपचा मॅनेजर म्हणाला, "पहिलं काम तुमच्या जबाबदारीवर देतो. जमलं तर पुढे सही तुमची. नाहीतर चाललंय तसं चालू द्या."

ते पहिलं काम म्हणजे एका प्रवासी बोटीचा जनरेटर. इंजिनरूममधला पाइप फुटून त्याच्यावर समुद्राचं पाणी पडलं होतं. तो बाहेर काढायचा तर वरच्या डेकचा पत्रा कापावा लागणार, म्हणजे बोट तीन आठवडे उभी. आत्या म्हणाली, जागेवरच धुऊन वाळवू.

बोटीचे मुख्य इंजिनिअर, ज्यांना सगळे चीफ म्हणतात, ते तयार झाले, पण नाखुशीनेच. "उद्या चार वाजेपर्यंत वेळ देतो. आकडा पाचच्या वर गेला नाही, तर मी पत्रा कापायला घेणार."

आत्याच्या जोडीला एक फिटर होता. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. दोघांनी जनरेटर कोमट गोड्या पाण्याने चार वेळा धुतला, कारण मीठ आत राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. मग खालून हीटर लावले. "ऊब जाऊ देऊ नकोस," असं सांगून आत्याने वरून ताडपत्री घट्ट बांधून घेतली. पहिला आकडा आला पॉइंट सहा. तासाभराने पॉइंट चार. मग पॉइंट दोन.

"बाई, हा तर उतरतोय," चीफ म्हणाले.

"उतरणारच. गरम झालं की आत मुरलेली ओल सैल होते, म्हणून आकडा आधी उतरतो. मग टेकतो आणि मग चढायला लागतो."

"आणि नाही चढला तर?"

"तर तुम्ही आहात आणि तुमचा पत्रा आहे."

संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे काम सोपवून ती घरी आली. जेवताना यजमानांनी तिच्या पानात न मागता आणखी भात वाढला.

सकाळी आठला ती बोटीवर पोचली, तेव्हा पैलवान वही घेऊन जिन्यातच बसला होता. रात्रभर दर तासाला एकच आकडा लिहिलेला. पॉइंट दोन.

"ताई, टेकला तो टेकलाच. पाय पसरून बसलाय," तो म्हणाला. "आणि चीफनी पत्रा कापणाऱ्यांना बोलावून घेतलंय."

आत्याने हीटर पाहिले, ते चालू होते. थर्मामीटर पाहिला, तापमान हवं तेवढंच होतं. मग तिने ताडपत्रीखाली हात घातला आणि बाहेर काढला. बोटांवरून पाणी ओघळत होतं. आतली वाफ वर जात होती, ताडपत्रीला लागून थंड होत होती आणि पुन्हा खालीच ठिबकत होती.

"पैलवान, ही ताडपत्री एवढी घट्ट बांधायला कोणी सांगितलं?"

"खरं सांगू की खोटं?"

"खरं."

"तुम्ही."

तिने ताडपत्री सोडवली, वरचं झाकण उघडलं आणि वाफ खेचायला पंखा लावला. एवढ्यावर गप्प राहिली असती तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण ती थेट चीफच्या केबिनमध्ये गेली.

"चूक माझी आहे. ओलीला बाहेर जायला वाटच ठेवली नाही. रात्रभर आम्ही जनरेटर वाळवला नाही, उकडला."

चीफनी विचारलं, "हे मला कशाला सांगताय?"

"पत्रा कापायचा की नाही हे तुम्ही ठरवणार. अर्धवट माहितीवर कसं ठरवाल?"

"चारची वेळ बदलणार नाही."

"बदलू नका. पण तोवर कापू पण नका."

दहा वाजता आकडा पॉइंट तीन होता. पैलवानाने तो वहीत दोनदा गिरवला. अकराला पॉइंट नऊ. एकला दोनच्या वर. जेवायला दोघंही वर गेले नाहीत, डबा इंजिनरूममध्येच उघडला. तीनला चार पॉइंट तीन. पत्रा कापणारे दोघं जिन्यात बसून पैज लावत होते आणि कोणीच आपल्या कामाच्या बाजूने पैज घेईना.

चार वाजता चीफ स्वतः घड्याळ धरून उभे राहिले. आत्याने बटण दाबलं. पूर्ण मिनिटभर ते दाबून धरलं.

सहा पॉइंट एक.

चीफनी जिन्याकडे पाहून नुसती मान हलवली. कापणारे उठून आपली गॅसची नळकांडी आवरू लागले.

दुसऱ्या दिवशी जनरेटर जोडून चालवला, हळूहळू लोड दिला, आणि तो दिवसभर न कुरकुरता चालला. संध्याकाळी मॅनेजरने तपासणीचा कागद आत्यापुढे ठेवला. सगळे आकडे भरून झाल्यावर तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वरून ताडपत्री घट्ट बांधल्यामुळे सोळा तास वाया गेले. वाफ जायला जागा ठेवावी.'

मॅनेजर वाचून म्हणाला, "असलं कोणी लिहितं का? पहिलीच सही तुमची, आणि तिच्याच वर चूक?"

"कोणीतरी पुढे हे वाचलं, तर त्याचे सोळा तास वाचतील," आत्या म्हणाली, आणि तिने खाली सही केली.