कुंपणातले दोन आवाज

आमच्या मिरजगावकडच्या रानात ज्वारी कधी पेरायची हे कुंपणातले नाकतोडे ठरवत. निदान आबा, म्हणजे माझे वडील, तसं मानत. पावसाळा सरता सरता ते संध्याकाळी बांधावर बसून कान देत. कुंपण जोरात बोलायला लागलं की ओल खोल गेली, पेरणीची पाभर बाहेर काढायची. शेजारीपाजारी त्यांना विचारूनच पेरत.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते आणि मला नुकतीच शिंगं फुटली होती. मी त्यांना सुनावलं, की ही मेकोपोडा नावाची प्रजाती. तिच्यातल्या काही जाती दिसायला इतक्या सारख्या, की आवाजावरूनच वेगळ्या कळतात. हिरवा आणि वाळक्या पानासारखा तपकिरी, हे दोन्ही एकाच जातीचे असू शकतात. नर पंखावर पंख घासतो तो मादीसाठी, तुमच्या ज्वारीसाठी नव्हे.

"आसंल," आबा म्हणाले. "एक थांबून थांबून वरडतो, एक दम न घेता. दोगं बोललं की मी पेरतो."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ते वर्ष घरादारानं दुष्काळी कामावर खडी फोडून काढलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी आबा पेरायला तयार होईनात. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं आम्ही धरून चाललो. पण रान सुकायला लागलं होतं, आणि पेरा फसला तर घरात दुसरं बियाणं नव्हतं. मी सुट्टीला घरी आले तेव्हा आईचा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी मी आबांबरोबर बांधावर गेले. कुंपण दोन्ही आवाजांनी नुसतं दणाणत होतं.

"बघ," आबा म्हणाले, "एक बी बोलत न्हाई. ओल वरवरचीच हाय."

मला वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, की कुंपण त्यांना ऐकूच येत नाही. माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येई, त्यामुळे घरात कुणाला संशयच आला नव्हता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू बोलू नगस. त्येंच्या कानाला गावात मान हाय." मला आईचा राग आला, आबांचाही आला. मान सांभाळत बसलो असतो तर पुढचं वर्षही खडी फोडण्यात गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एक नर धरला, बरणीत घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि अंधारून आल्यावर ओट्यावर त्यांच्यापुढे ठेवला. थोड्या वेळानं त्यानं पंख उचलले आणि असा ओरडू लागला, की आई चुलीपासून उठून बाहेर आली. आबा थरथरणाऱ्या पंखांकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी बरणीला कान लावला. त्यांना तसं वाकलेलं बघून मला फार वाईट वाटलं.

"वरडतोय?" त्यांनी आईला विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

आबा उठून आत गेले. जेवलेही नाहीत.

सकाळी पाभर घेऊन ते रानात निघाले, मी बियाणं घेऊन मागोमाग. शेजारचा शेतकरी बांधावर उभाच होता.

"आबा, बोललं का कुंपान?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "तिला इचारा," म्हणाले, आणि बैलांना हाकारलं.