नाही म्हणायची जागा

नवी औषधं बाजारात येण्याआधी ती माणसांवर तपासून पाहणं, हे आमच्या युनिटचं काम. शहरातल्या सदर या भागातल्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही बसतो. लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, "गरिबाचे उंदीर करता म्हने वं तुम्ही?" मी हातात ताट धरूनच भांडते. तुम्ही बिनघोर गिळता ती गोळी आधी कुणीतरी राजीखुशीनं घेतलेली असते. ती राजीखुशी खरी आहे का, हे पाहायचा मला पगार मिळतो.

एकदा भिवापूरचं एक जोडपं आलं. बाई मिरचीची देठं खुडायला जायची. तिच्या बोटांचे सांधे सुजून अद्रकाच्या गाठींसारखे झाले होते. संधिवाताच्या नव्या इंजेक्शनसाठी आम्हाला शेवटचा एकच रुग्ण हवा होता. मी संमतीपत्र वाचायला घेतलं, तर नवऱ्यानं शाईचा पॅड पुढे ओढला.

"तिले काय समजते मॅडम? मी हो म्हनून राहिलो ना. घ्या अंगठा."

त्यानं तिचा हात धरला. तिनं मूठ मिटली.

माझं डोकं फिरलं. त्याला खाली चहाला पाठवलं आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. निम्म्या लोकांना नुसतं पाणी टोचलं जाईल, कुणाला ते आम्हालाही कळणार नाही, आणि तीन महिने जुन्या गोळ्या बंद.

"हंगाम हाय मॅडम. बोटं आखडले त खुडन कोन?" तिनं कागद उलटसुलट पाहिला. "याच्यात नाही म्हनाची जागा कुठी हाय?"

जागा नव्हती. तोंडी नकार पुरतो, असं मी सांगितलं. पण खाली नवरा होता, आणि तिला ते लिहून हवं होतं. मी कोऱ्या कागदावर 'मला भाग घ्यायचा नाही' असं लिहिलं आणि खाली पट्टीनं रेघ ओढली. त्या सुजलेल्या बोटांनी तिनं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. नवरा आल्यावर तिनंच तो कागद त्याला दाखवला. तो माझ्यावर खेकसला आणि ती पायऱ्या उतरू लागली.

मोठे डॉक्टर भडकले. "तुम्ही नीट समजावलं नसणार."

"नीट समजावलं, म्हणूनच ती नाही म्हणाली, सर."

तो कागद फेकून द्या, म्हणाले. मी त्याला भोकं पाडून फाइलला लावला.

तेव्हापासून प्रत्येक संमतीपत्रामागे मी तसाच रेघ ओढलेला एक कागद जोडते. हे नियमात बसत नाही, काढून टाका, असं मला दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा लेखी आदेश आला. त्याच्याच खाली मी पट्टीनं रेघ ओढली, 'नाही' लिहिलं आणि पूर्ण नावानं सही केली.