रहमतभाईंची बिनसांध्याची जमीन

राजूरला आमच्या आणि रहमतभाईंच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि तीही नावापुरती. पलीकडे कोण शिंकलं ते अलीकडे कळतं. त्यात रहमतभाईंच्या बायकोची, सुग्राबीची, एक तऱ्हा. ही बाई रागावली की तोंडाने फारसं बोलत नाही, हाताला लागेल ते भांडं फरशीवर आपटते. तवा आपटला तर राग नवऱ्यावर, परात आपटली तर दीर जमीर याच्यावर, आणि नुसतं झाकण वाजलं तर चहा झाला. मी कोळसा खाणीच्या ऑफिसातून थकूनभागून यावं, जरा डोळा लागावा, आणि पलीकडून परात. मुळात मी चिडका माणूस. हे घर विकून टाकू, असं मी माझ्या बायकोला, सुचित्राला, किती वेळा म्हटलं असेल. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

रहमतभाई मॅस्टिकचे मिस्त्री. डांबर, चुनखडीची भुकटी आणि बारीक गिट्टी बॉयलरमध्ये तासन्‌तास शिजवायची, तो काळा लगदा गरम असतानाच ओतायचा आणि गुडघ्यांवर बसून लाकडी थापीने पसरायचा, हे त्यांचं काम. पुलांवर, गोदामांत, गच्च्यांवर त्यांनी जन्मभर हेच केलं. पँट कोणतीही घाला, गुडघे काळेच. मॅस्टिकचा विषय निघाला की हा माणूस आवरत नाही. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी पाहुण्याचा हात धरून त्यांनी सांगितलं होतं, "याले सांधाच नाई. सांधा नाई मंजे पाणी नाई, मुंगी नाई. सकाळी ओता, संध्याकाळी त्याच्यावरच जेवायले बसा." पाहुण्याची जिलेबी तशीच राहिली.

आणि स्वतःच्या घरात? जुनी शहाबादी फरशी. सांध्यांतून लाल मुंग्यांची रांग निघायची ती थेट सुग्राबीच्या नानखटाईवर. सुग्राबी नानखटाई करून दुकानांत देतात. निवायला ठेवलेल्या थाळ्यांभोवती त्या दिवसभर फडकं घेऊन बसायच्या. त्यांना जावेच्या घरी होत्या तशा चकाचक टाइल्स हव्या होत्या. रहमतभाई म्हणायचे, टाइल म्हणजे सांधेच सांधे. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं, तव्यासकट.

शेवटी सुग्राबी बहिणीकडच्या लग्नाला राळेगावला गेल्या आणि रहमतभाईंनी डाव साधला. जमीरला हाताशी धरून सगळी फरशी उखडली, मागच्या भिंतीला टेकवून ठेवली, गल्लीत बॉयलर पेटवला. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते आणि मी खिडक्या लावत दोघांचा उद्धार करत होतो. संध्याकाळी आत डोकावलो तर भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध काळी जमीन. खोटं कशाला बोलू, झकास दिसत होती.

सुग्राबी आल्या. पिशवी हातातच ठेवून बघत राहिल्या.

"सडक घरात आनली तुमी," त्या म्हणाल्या. "आता यष्टी बी येऊ द्या."

मग तवा उचलला आणि आपटला. थप्. परात आपटली. तिचंही थप्. मॅस्टिकवर आवाज मरतो, हा त्याचा मोठाच गुण, रहमतभाई हजारदा सांगायचे. सुग्राबींनी परात उचलून हळूच बाजूला ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

त्यानंतर मी सुखाने झोपू लागलो. पलीकडे मुंगी दिसेना. कोळशाची धूळ एका ओल्या फडक्यात निघू लागली. पण आमचा चहा रोज उशिरा होऊ लागला, तेव्हा कळलं की सुचित्रा आधण ठेवायची ती पलीकडचं झाकण ऐकून. घर कसं मुकं मुकं वाटायला लागलं. माझी झोपही उडाली.

एका संध्याकाळी रहमतभाई आमच्या ओट्यावर येऊन बसले. तोंड उतरलेलं.

"भाऊ, घरवाली रागात हाय का खुशीत, तेच समजून नाई राह्यलं. पह्यले तवा वाजला की मी आलूबोंडे घेऊन जाओ, गोष्ट खतम. आता रोज नेतो, तरी काई पत्ता नाई. विचारलं तर 'काई नाई' मनते."

आम्ही दोघंही लग्न झालेले. 'काही नाही' म्हटल्यावर माणसाची काय गत होते ते मला ठाऊक होतं.

"ईद झाली की बहिनीकडंच राह्यतो मनते," ते म्हणाले. "खोदून काढू का जमीन?"

मॅस्टिक खोदायची भाषा या माणसाच्या तोंडी ऐकून मला भडभडून आलं. आतून सुचित्रा म्हणाली, "थांबा, मी विचारून येते." ती गेली, बराच वेळ बसली, नानखटाई घेऊन परतली.

"भाभी म्हणतात, जमीन चांगली आहे. थंडीत पाय गारठत नाहीत, मुंगी नाही, बसलं तरी गुडघे दुखत नाहीत."

"मंग?" रहमतभाई म्हणाले.

"म्हणाल्या, 'ताई, पन मी या घरात हाओ का नाई, तेच कोनाले ऐकू नाई येत.'"

रहमतभाई उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीशेजारची जमीन तापवून नरम केली, चौकोनी तुकडा कापून काढला आणि तिथे मागच्या भिंतीला टेकवलेली एक जुनी शहाबादी फरशी बसवली. चारी बाजूंनी सांधे. मग ते पुन्हा माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि भिंतीकडे कान लावून राहिले.

मी चहा बशीत ओतला. मग पलीकडून असा दणका आला की माझ्या बशीतला चहा सांडला.

रहमतभाईंचा चेहरा उजळला. "तवा हाय, भाऊ," ते म्हणाले, आणि चपला घालून आलूबोंडे आणायला निघाले.