माझ्या मापाची फ्रेम

सायकलच्या फ्रेमला तडा गेला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. लोक अशा वेळी हळहळतात. मी चेन्नईत मरीना बीचच्या कडेला रस्त्यावर उकिडवी बसून, मागच्या सांध्याच्या वेल्डिंगवरची ती केसाएवढी भेग नखाने चाचपत होते आणि मनात म्हणत होते, सुटले एकदाची!

ती माउंटन बाइक मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून जुनी घेतली होती. पुढच्या चाकाला शॉक, मागच्या चाकालाही शॉक. दगडधोंड्यांतून जावं आणि पाठीला कळू नये अशी. सहकारी सहा फुटी. मी टाचा उंचावल्या तर पाच फुटांना पोचते. पण घेताना आई फोनवर म्हणाली होती, "मोठीच बरी. लहान घेतलीस तर तुझ्याशिवाय कुणाला उपयोग नाही." आमच्या घरचा हा कायदाच होता. शाळेचा फ्रॉक वाढत्या अंगाचा, बुटांच्या टोकांत कापूस कोंबलेला, स्वेटर तर असा की आत दोघी मावाव्यात. ही वाढेल, या भरवशावर कपडे येत राहिले आणि मी काही त्यांच्यापर्यंत पोचले नाही.

तिरुवल्लिकेणीतल्या एका जुन्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहत होते आणि पेरुंगुडीच्या ऑफिसात मोटारींच्या शॉकअॅब्सॉर्बरची गणितं करत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या बुडाखालचे धक्के मऊ करायचे, आणि माझ्या स्वतःच्या सायकलचा मागचा शॉक माझ्या वजनाला ढिम्म हलायचा नाही! त्याची स्प्रिंग सहा फुटी माणसासाठी बसवलेली. ती मला दादच देत नसे.

हेही चालवून घेतलं असतं. अडत होतं ते एका उतारावर. रविवारी आमचा गट जीपवर सायकली टाकून आंध्रच्या सीमेवरच्या टेकड्यांत जायचा. चढ मी सगळ्यांच्या बरोबरीने चढायचे. पण पलीकडचा उतार म्हणजे नुसते दगड, आणि मध्यावर एक असं वळण की तिथे क्षणभर पाय टेकावाच लागायचा. माझा पाय जमिनीला पोचायचाच नाही. एकदा तिथे मधल्या दांड्यावर अशी आपटले की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हापासून मी वरच उतरून, सायकल हातात धरून चालत खाली यायचे. बाकीचे तळाशी संत्री सोलत बसलेले असायचे. कुणी काही बोलायचं नाही, आणि ते न बोलणंच मला झोंबायचं. तो उतार मला सायकलवर बसून उतरायचा होता. त्या दिवसांत मला दुसरं काहीही नको होतं.

आता चाकं, हँडल, ब्रेक सगळं ठणठणीत होतं, फक्त सांगाडा बदलायचा होता. तसले सांगाडे तेव्हा चेन्नईत मिळत नव्हते. गटातला एक तमिळ मित्र कामासाठी जर्मनीला गेला होता. येताना सामानात एक फ्रेम आणायचं त्याने कबूल केलं. मग काय विचारता! जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फ्रेमचे फोटो, मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात फ्रेमची चित्रं. बसमधून उतरायचा स्टॉप चुकायचा आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

माप घ्यायला मी घरमालकीणबाईंना बोलावलं. त्यांना मी मामी म्हणे. त्यांचं घराणं तंजावरकडचं, त्यामुळे त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाडजूड डिक्शनरी पार वरपर्यंत दाबून धरली आणि तिच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा, असं मामींना सांगितलं.

"ऐयो, हे काय गे?" मामी हसून बेजार झाल्या. "शिंपी असे माप घेतो का कधी?"

"सायकलचं असंच घेतात, मामी."

"सरी, सरी. हालू नकोस."

एका शनिवारी संध्याकाळी मित्राचा फोन आला. तो दुकानातच उभा होता. तिथे दोन फ्रेमा होत्या. एक मीडियम, लालभडक, दणदणीत शॉकवाली. जिचे फोटो पाहून पाहून मला ती पाठ झाली होती. दुसरी सगळ्यात लहान मापाची, चिखलाच्या रंगाची, शॉकही बेताचा. मात्र त्या शॉकमध्ये स्प्रिंगऐवजी हवा होती, म्हणजे पंपाने ती आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येणार होती.

"लाल घे," तो म्हणाला. "सीट खाली केलीस की झालं. उद्या विकायची म्हटलीस तरी कुणीही घेईल. लवकर सांग, दुकान बंद करतायत."

मामी दारात उभ्या होत्या. मी फोनवर हात ठेवून त्यांना दोन्ही रंग सांगितले.

"तांबडी घे गे! मातीचा रंग का कोणी घेतो?"

आई तर न विचारताच कानात बोलत होती. आणि खरं सांगायचं तर माझाही जीव लालवरच जडला होता. फोन मी एका हाताने पुन्हा कानाशी धरला. दुसऱ्या हाताने मी टेप घेतली आणि मीडियम फ्रेमच्या दांड्याची उंची भिंतीवर धरून पाहिली. दांडा माझ्या खुणेच्या चांगला दोन बोटं वर येत होता. सीट कितीही खाली करा, दांडा थोडाच खाली येतो! ते वळण आठवलं, काजवे आठवले.

"लहान," मी म्हणाले.

"ती चिखली?"

"तीच! आणि यापुढे मला कुणीही वाढत्या मापाचं काहीही आणायचं नाही!"

हे शेवटचं मी मराठीत ओरडले. त्यामुळे त्याला काही कळलं नाही, पण मामी दचकल्या.

फ्रेम आली ती त्याच्या शर्टांत गुंडाळून. तिला छातीशी धरून मी खोलीभर नाचले. जुनी सीटची नळी नव्या सांगाड्यात जाईना, तिच्यापायी सायकलवाल्यांची सगळी गल्ली पालथी घातली. सायकल उभी राहिली तेव्हा मामींनी हँडलला चंदन-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि "रंग इतका वाईट नाही हो," म्हणून शरणागती पत्करली. लिंबू चिरडून मी गल्लीत आले. मागचा शॉक माझ्या वजनाने हळूच दबला. माझ्या वजनाने! मला इतकं हसू येत होतं की समोरचा फुलवाला माझ्याकडे बघतच राहिला.

त्या रविवारी उतारावर मी सगळ्यांत शेवटी निघाले. दगड खडखडत होते, दातही खडखडत होते. वळणावर पुढचं चाक अडलं, तोल गेला, डावा पाय आपोआप खाली गेला, आणि खाली जमीन होती. मी एक श्वास घेतला, पाय पुन्हा पायडलवर ठेवला आणि किंचाळत तळापर्यंत आले. त्या दिवशी कुणाला संत्री सोलायला वेळच मिळाला नाही.

पुढे आई चेन्नईला आली. सायकल बघून पहिलं वाक्य, "एवढीशी? दुसऱ्या कुणाला काय उपयोग हिचा?"

"तू बस," मी म्हणाले.

"चल, काहीतरीच!"

आई अगदी माझ्याच उंचीची. लहानपणी आपल्या दादाच्या सायकलवर ती दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायची. साडी नेसायला लागली तशी तीही सुटली. सीटवर बसून सायकल तिने कधी चालवलीच नव्हती. प्रवासासाठी म्हणून त्या दिवशी तिने पंजाबी ड्रेस घातला होता. मी सीट पार खाली केली, हँडल घट्ट धरलं. तिने माझ्या खांद्याचा आधार घेऊन पाय पलीकडे टाकला. शॉक दबला तशी ती "अगं, अगं" करू लागली. मग तिने खाली पाहिलं.

"पाय टेकतात गं माझे," ती म्हणाली.

मामी घरातून जेवायला हाका मारत होत्या, सांबार निवत चाललं होतं, पण आई काही उतरायला तयार नव्हती.