धाकटीच्या घराचा आकडा

माझ्या धाकट्या बहिणीच्या घराला पंचावन्न मार्क मिळाले, ही बातमी मला आईने पालक निवडता निवडता दिली. आई तेव्हा माझ्याकडे, इथे कॅरी गावात होती. धाकटी टेक्सासात, शुगर लँडला. तिचा नवरा एनर्जी इंजिनियर, म्हणजे घराच्या भिंतींविषयी जेवताना बोलू शकणारा माणूस. त्याने फोनवर आईला ते मार्क सांगितले होते.

पंचावन्न ऐकून मला क्षणभर फार बरं वाटलं. शाळेपासून मार्कांत मी तिच्या पुढे. दिसण्यात, स्वभावात, लग्नात आणि नशिबात ती पुढे गेली, पण मार्कांत नाही. "एवढेच?" मी विचारलं.

"कमी असले की चांगलं असतं म्हणे," आई म्हणाली आणि देठं कचऱ्यात टाकली.

मी त्याच संध्याकाळी वाचून काढलं. इथे घराची एनर्जी रेटिंग करून देणारी माणसं असतात. ती येतात, घरातून कुठून हवा गळते, भिंतींत आणि माळ्यावर इन्सुलेशन किती आहे, हीटर किती खातो ते सगळं तपासतात आणि शेवटी घराला एक आकडा देतात. आकडा जितका लहान तितकं घर शहाणं. म्हणजे इथेही तीच जिंकली होती. शिवाय घर नवीन असल्यामुळे बिल्डरने तिला तो आकडा किल्ल्यांबरोबर फुकट दिला होता. तिला सगळंच असं कशाबरोबर तरी फुकट मिळतं. कमी मार्क पडलेल्या माणसावर जळायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

तरी मी ते विसरून गेले असते. पण त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी ऑफिसातून लवकर आले, तर आई आतल्या खोलीत फोनवर मावशीशी बोलत होती. माझ्या शालीवर माझाच जुना फ्लीसचा कोट घालून बसली होती.

"धाकटीकडे असं नाही गं. थोरलीचं घर गार पडतं. रात्री पाय काही केल्या तापत नाहीत. डिसेंबर लागला की तिकडेच जाईन म्हणते."

माझ्या अंगाची आग झाली. आमचं ठरलेलं होतं. आईचे सहा महिने, निम्मे माझे, निम्मे तिचे. माझ्या वाट्याचा डिसेंबर अख्खा शिल्लक होता. त्या महिन्यात ऑफिस अर्धं रिकामं असतं, मी सुट्टी घेऊन ठेवली होती, आईला घेऊन समुद्रावर जायचं मनात होतं. धाकटीकडे नवरा आहे, सासरची माणसं येऊन-जाऊन असतात, दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण असतं. माझ्याकडे मी आहे. घर माझं एकटीचं, हप्ता माझा एकटीचा, आणि वर्षातून एकदा तीन महिने आई. त्यातलाही एक महिना धाकटीकडे जाणार होता.

आईने फोन ठेवल्यावर मला सरळ सांगितलं, "तिकीट जरा आधीचं बघशील का? पहिल्या आठवड्यातलं."

"का? इथे काय होतं?"

"होत काही नाही. थंडी वाढलीय एवढंच."

थंडी! कॅरीला आमच्याकडे थंडी ती काय! पण मी वाद घातला नाही. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की दोष घराचा आहे, आणि दोष घराचा असेल तर तो पैसे देऊन काढता येतो. आईला घर गार वाटतंय ना, मग माणूस बोलावू, भोक सापडू दे, ते बुजवू, आणि आई डिसेंबरभर इथेच राहील. खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. मलाही एक आकडा हवा होता.

मी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने आधी घराचं क्षेत्रफळ विचारलं, मग खाली क्रॉलस्पेस, म्हणजे सरपटत जाण्याएवढी पोकळी, आहे का, हीटिंगच्या सिस्टिम किती, घर किती जुनं, आणि माझ्या प्रत्येक उत्तराबरोबर त्याचा भाव वर चढत गेला. दुसरा स्वस्त होता, पण तो नुसता टॉर्च घेऊन फिरणार आणि सल्ला देणार होता. आकडा देणार नव्हता. वीज कंपनीची एक फुकट तपासणीही असते असं कळलं. शहाण्या माणसाने तीच करून घेतली असती. मी तिसऱ्याला साडेपाचशे डॉलरला हो म्हटलं. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचं तर वेगळे पैसे. एवढ्या पैशांत आईचं शुगर लँडचं जाण्या-येण्याचं तिकीट निघालं असतं, आणि मी ते पैसे तिने जाऊ नये म्हणून घालत होते.

धाकटीला सांगितलं तर ती हसली. "अगं, आधी विचारायचंस ना! ह्याने फोनवर सांगितलं असतं, कुठे लीक असतात ते. फाइव्ह फिफ्टी? सिरियसली?"

"माझं घर आहे, मी बघते," मी म्हटलं.

"चिडतेस काय, यार. नंबर आला की कळव."

कळव म्हणे. जशी काही ती परीक्षक.

शनिवारी सकाळी तो माणूस आला. उंच, गुडघ्यांना पॅड बांधलेला, फार बडबड्या. त्याने पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापडाचा पडदा ताणून बसवायला घेतला. त्या पडद्याच्या खाली मोठा पंखा असतो. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि मग फटींतून बाहेरची हवा आत घुसते, तेव्हा फटी सापडतात. चौकटीवरचं तोरण आड येत होतं. मी ते काढलं. आईच्या कपाळावर आठी पडली. "शनिवारचं कशाला काढायचं ते?" पण तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि देवापाशी नेऊन ठेवलं.

पंखा सुरू झाला. तो माणूस धुराची एक पेनसारखी नळी घेऊन खिडक्यांपाशी फिरायला लागला. जिथे फट तिथे धूर एकदम वळायचा. मी त्याच्या मागे मागे. स्वयंपाकघराची खिडकी गळत होती. माळ्याचं झाकण गळत होतं. शुगर लँडला हे काही नसणार, हे दर वेळी मनात यायचं.

मध्येच त्याची नळी संपली. गाडीतून दुसरी आणतो म्हणाला. तेवढ्यात आई उदबत्ती पेटवून घेऊन आली. "हिचा चालेल का रे धूर?" तिने त्याला चक्क मराठीत विचारलं. त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो खूश झाला. मग दोघं मिळून फिरले. तो बोट दाखवायचा, आई उदबत्ती धरायची. भिंतीवरच्या प्रत्येक प्लगला तिने शांतपणे ओवाळलं. मला हसू आलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटातली आग जरा निवली.

सगळं घर झालं, फक्त आईची खोली उरली. तिथे मात्र आई दारातच थांबली. "इथे काही नाही. इथे बघू नको म्हणावं."

"आई, तुझ्याच खोलीसाठी तर बोलावलंय त्याला."

"मी म्हणते ना, काही नाही."

मी तिला बाजूला करून त्याला आत घेतलं. त्याने खिडकी पाहिली, भिंती पाहिल्या, आणि म्हणाला, घरातली ही सगळ्यात चांगली खोली आहे, हिला दक्षिणेचं ऊन मिळतं. मग त्याने पंखा बंद केला आणि हीट लावून खोल्याखोल्यांतल्या जमिनीवरच्या जाळ्यांवर हात धरत पुन्हा एक फेरी मारली. या जाळ्यांतून गरम हवा वर येते. बाकी सगळीकडे येत होती. आईच्या खोलीत त्याला जाळीच सापडेना. मग त्याने आईची मोठी सूटकेस सरकवली. खाली चादरीची घडी. चादरीखाली जाळी, आणि जाळीचा खटका पूर्ण बंद.

"घरात लहान मुलं आहेत का?" त्याने विचारलं. "मुलं असं करतात."

लहान मूल खिडकीबाहेर बघत उभं होतं. उदबत्ती अजून तिच्या हातात होती, राख सतरंजीवर पडत होती.

तो माणूस जाता जाता सांगून गेला की एक जाळी बंद करून बिल काही कमी होत नाही. त्याने पैसे घेतले, आकडा ईमेलने पाठवतो म्हणाला आणि लाल पडदा गुंडाळून निघून गेला. मी दार लावलं आणि आईच्या खोलीत आले.

"कधीपासून बंद आहे?"

"आल्यापासून."

"आणि गारठतेस म्हणून मावशीला सांगतेस?"

"मग गारठते ते गारठतेच. खोटं कशाला सांगू?"

आई पलंगावर बसली. "तू दिवसभर ऑफिसात. माझ्या एकटीसाठी एवढं घर तापवत ठेवायचं, म्हणजे काय? मागे तू मैत्रिणीला सांगत होतीस ना, तुमच्या ऑफिसातली माणसं काढतायत म्हणून. मी ऐकलं ते. म्हटलं, आपल्याला जमेल तेवढं करावं. आणि ऐन थंडीत तिकडे गेले तर तुझं तेवढंच वाचेल."

मग तिने विचारलं, "किती घेतले त्याने?"

मी सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मी दोन महिने कुडकुडून वाचवलं ते तू एका सकाळी घालवलंस!"

आता मात्र मी हसले, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं. पण माझ्या मनातला काटा एवढ्याने निघणार नव्हता. मी विचारलंच. "आणि धाकटीकडे? तिथे नाही बंद करत काही?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं आहे. "तिथे मी कशाला हात लावू? तिथे त्यांचं घर आहे. ते ठेवतील तसं राहायचं. पाहुण्यासारखं. इथे मला कुणाला विचारायचंय? इथे आपलंच आहे."

तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं आणि मग उठून तोरण लावायला गेली. मी जाळीचा खटका उघडला आणि तिथेच बसून राहिले. जाळीतून गरम हवा वर येत होती.

"तिकीट बघू नको मग इतक्यात," बाहेरून तिचा आवाज आला. "दोन आठवडे जाळी उघडी ठेवून बघते. बिल जास्त आलं तर मात्र जाईन."

चार दिवसांनी ईमेल आला. माझ्या घराचा आकडा अठ्ठ्याण्णव. मार्कांच्या हिशेबात मी पुन्हा पहिली आणि घराच्या हिशेबात सपशेल नापास. मी धाकटीला फोन केला. तिने आकडा ऐकला आणि तिच्या आवाजात आनंद मावेना.

"नाइंटी एट! अगं, मी म्हटलं होतं की नाही? विंडोज बदलून टाक आधी. आईला पाठवून दे इकडे, उगाच गारठतेय बिचारी."

"आई गारठत होती कारण तिने स्वतःच्या खोलीतला व्हेंट बंद करून ठेवला होता. वर बॅग ठेवून."

"काय? का?"

"माझे पैसे वाचावेत म्हणून. आता उघडलाय. डिसेंबर संपेपर्यंत ती इथेच राहतेय."

पलीकडे तिने चालू टीव्ही बंद केला.



"आमच्याकडे गेल्या वेळी जूनमध्ये ती एसीत शाल घेऊन बसायची. मी दहा वेळा म्हटलं, आई, थंड वाटत असेल तर वाढव टेम्परेचर, रिमोट इथेच आहे. नाही. रिमोटला हात लावला नाही तिने. फ्रिज उघडायचा तरी मला विचारायची." मग लहानपणी माझ्या ताटात मोठा लाडू पडला की ज्या आवाजात ती विचारायची त्या आवाजात तिने विचारलं, "माझ्याकडे का नाही गं ती कधी काही बंद करत?"

मला कारण माहीत होतं. आईने दिलेले ते दोन शब्द, 'आपलंच आहे', माझ्या ओठांवर होते, आणि इतकी वर्षं मी ज्या गोष्टीची वाट पाहिली होती ती मला मिळाली होती: धाकटी माझ्यावर जळत होती. मी मनातल्या मनात ते दोन्ही शब्द एकदा उच्चारून पाहिले. मग ते ठेवून दिले, तिला वाईट वाटू नये म्हणून नव्हे, माझ्याकडेच राहावेत म्हणून.

"तुमच्या घराचा आकडा चांगला आहे ना," मी म्हटलं, "म्हणून."