बिनकैद्यांचे जमादार

आमचे जमादार रोज दुपारी माझ्या डब्यातला पहिला घास खात. उभ्यानेच, आणि हक्काने. छताकडे बघत चावत, गिळत आणि म्हणत, "चालते. घ्या जेवून." कैद्यांचं जेवण आधी जमादाराने चाखायचं, असा जेलाचा नियम होता. कैदी चांद्याच्या मोठ्या तुरुंगात गेले, नियम मागे राहिला आणि जमादारही राहिले. मी मनातल्या मनात कुरकुरत असे. एका घासावरून माणूस इतका कोता होतो याची आज लाज वाटते. पण वांग्याची भाजी असली की तो घास जरा मोठा असे, हेही खरं.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. जंगलपट्ट्यातल्या त्या गावी परवाने देणाऱ्या आमच्या कचेरीला जागा नव्हती, म्हणून सरकारने रिकामं पडलेलं छोटं जेल आम्हाला दिलं. कोठड्यांना चुना लागला, गज कापून खिडक्या मोठ्या झाल्या, कैदी जिथे दळण दळत तिथे टाइपरायटर आला. लोखंडी फाटक मात्र भिंतीतून निघेना, ते तसंच राहिलं.

त्या फाटकात जमादार सकाळी आमची झडती घेत. विडी सापडली की ती काढून स्वतःच्या कानावर ठेवत.

"अहो जमादार, आम्ही कारकून आहोत," मी एकदा म्हणालो.

"सुरुवातीले सारेच काई ना काई सांगतेत, बाबू," ते म्हणाले आणि माझा दुसरा खिसा चाचपला.

पण खरी अडचण वेगळीच होती. लोक आत येईनात. त्या भागात जेलातून सुटून आलेल्या माणसाला साऱ्या जातीला जेवण घालावं लागे. तोवर त्याच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. तलावात मासे धरायचा परवाना घ्यायला जेलात शिरायचं आणि मग जातजेवण घालायचं? लोक बाहेर मोहाच्या झाडाखाली उभे राहून ओरडत, आम्ही खिडकीतून ओरडत असू. शेवटी साहेब वैतागले. "लोक आत येत नसतील तर कचेरी भाड्याच्या घरात नेऊ. तिथे फाटक नाही, जमादार, म्हणजे तुमचंही काम नाही."

त्या दुपारी जमादारांनी माझा डबा चाखला नाही. मलाही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याकडचे म्हातारे सोमाजी आपली माणसं घेऊन मोहाखाली आले. मासेमारांत त्यांचा शब्द शेवटचा. जमादार बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"सोमाजीभाऊ, मी सारी उमर या फाटकात काढली. मले कोनी वाळीत टाकलं काय?"

"तुमची गोष्ट येगळी जी. तुमच्यापाशी चाबी रायते. चाबीवाला कैदी नसते."

जमादार उठून उभे राहिले. मग कमरेची वीतभर लोखंडी चाबी सोडून त्यांनी सोमाजींच्या हातात ठेवली. "मंग धर."

सोमाजी चाबीकडे बघत राहिले. मागून कुणीतरी बोललं, "काऊन थांबले काका? आता त तुमीच जमादार." सगळे हसले. सोमाजी आरतीचं तबक धरावं तशी चाबी पुढे धरून निघाले. फाटकात जमादारांचा हात सवयीने त्यांच्या खिशाकडे गेला.

"मी कोन आहो आता?" सोमाजींनी विचारलं.

जमादारांनी हात मागे घेतला. "चुकलं, जमादार."

तेव्हापासून चाबी हातोहात फिरू लागली. दोघं एकदम आले तर दोन टोकं दोघं धरत आणि खुर्च्यांतून आडवे चालत. एकदा एक जण चाबी धोतरात खोचून घरी गेला. कचेरी उघडीच राहिली. जमादारांनी फाटकात आडवी खाट टाकली. सकाळी साहेब चिडले, "चोर आला असता तर?"

"जेलात आपल्या पायानं चोर येते काय, साहेब?"

साहेबांना हसू आवरलं नाही. कचेरी तिथेच राहिली, जमादारही राहिले. माझ्या डब्यातला घास पुन्हा जाऊ लागला.

पेन्शनीत निघेपर्यंत ते तसेच होते. त्यांना एकदा घरी बोलावून ताटात गरम जेवू घालावं असं माझ्या मनात होतं. आज-उद्या करत राहिलो. ते गावी गेले आणि एका उन्हाळ्यात वारल्याची बातमी आली. हे माझ्या मनातून जात नाही.

पुढे फाटकही एकदाचं निघालं. त्यानंतर सोमाजी आले, फार थकलेले. मोकळ्या दारात थांबून त्यांनी हात पुढे केला.

"काका, आता फाटकच नाही. चाबी कशाची?"

हात तसाच राहिला. मी माझ्या कपाटाची चाबी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती तोलून पाहिली.

"हलकी हाये, बाबू," ते म्हणाले. "त्यायची जड होती."

आणि जरा वेळ उंबऱ्याबाहेरच उभे राहून मग आत आले.